मणका दबलाय, सिमेंट भरायचं का? पहिल्या कळेपासून पुढच्या वर्षापर्यंत घरच्यांनी काय करायचं

पाण्याची भरलेली बादली उचलली, रिक्षा खड्ड्यात आदळली, मोरीच्या ओल्या लादीवर बसकण बसली, किंवा नुसती जोरात शिंक आली, आणि पाठीत अशी कळ गेली की श्वासच अडकला. वय साठीच्या पुढचं. घरचे म्हणतात, लचक भरली असेल. मग बाम, शेक, केमिस्टकडची गोळी. आठवडा जातो आणि लक्षात येतं की आईला कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतोय. मी मुंबईत घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. परळच्या चाळीत काय आणि बोरिवलीच्या टॉवरमध्ये काय, सुरुवात बहुतेक वेळा अशीच झालेली असते.

खरं तर बऱ्याचदा लचक नसतेच, ठिसूळ झालेला मणका मोडून दबलेला असतो. तोवर एक नातलग सांगून गेलेला असतो की सिमेंट भरून घ्या (म्हणजे सुईने मणक्यात हाडांचं सिमेंट सोडून घ्या), दुसऱ्या दिवशी माणूस चालायला लागतो. दुसरा बजावतो की पाठीला सुई लावूच देऊ नका, पाय जातात. दोघांच्याही सांगण्यावर निर्णय घेऊ नका. योग्य माणसाच्या योग्य मणक्यात योग्य वेळी सिमेंट भरलं, तर फार मोठा दिलासा मिळतो, हे मी डोळ्यांनी पाहते. पण त्याने एका मोडलेल्या मणक्याचं दुखणं थांबतं. हाडं ठिसूळ झाली आहेत हा मूळ आजार तसाच राहतो, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष झालं की दुसरा मणका जातो.

लचक की फ्रॅक्चर, हे ओळखायचं कसं

मणक्याचा पुढचा भाग आतून जाळीदार असतो. हाडं ठिसूळ झाली की तो पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा पुढून दबतो. म्हणून हळूहळू पोक येतं आणि उंची कमी होते. दुखण्याची तऱ्हा ठरलेली असते: सरळ आडवं पडलं की बरं वाटतं, आणि अंथरुणातून उठताना, वळताना, उभं राहताना कळ येते. एकदा उभं राहिल्यावर चार पावलं टाकता येतात, पण उठण्याचा तो क्षण नको वाटतो. स्नायूच्या लचकीत दुखणं सहसा रोज थोडं थोडं उतरतं. इथे ते अडून बसतं.

सगळ्यात जास्त दबतात ते छातीचा शेवटचा आणि कंबरेचा पहिला मणका, म्हणजे रिपोर्टमधले डी १२ आणि एल १. शेवटच्या बरगड्या पाठीला जिथे मिळतात, तो हा भाग. गंमत नाही, खरी अडचण अशी की दुखणं बऱ्याचदा त्याच्या खाली, कंबरेत किंवा कुल्ल्याच्या वर जाणवतं. रुग्ण कंबरेवर हात ठेवतो, एक्स-रे फक्त कंबरेचा निघतो, आणि दबलेला मणका फिल्मच्या वरच्या कडेला अर्धवट येतो किंवा येतच नाही. म्हणून एक्स-रे लिहून घेताना ‘डॉर्सोलंबर’, समोरून आणि बाजूने, असा मागा.

पुढच्यापैकी काहीही असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी इमर्जन्सीला जा: पायांत कमजोरी किंवा बधिरपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, जांघेभोवती स्पर्श न कळणं. ताप, वजन उतरणं, रात्री आडवं पडूनही न थांबणारं दुखणं, किंवा पूर्वी झालेला कॅन्सर, यांतलं काही असेल तर हे साधं ठिसूळ हाडाचं फ्रॅक्चर आहे असं गृहीत धरू नका.

दवाखान्यात नेताना

लिफ्ट नसलेल्या इमारतीत खरी कसोटी इथेच लागते. उचलून, काखेत हात घालून, पाठ वाकवून खाली आणू नका. अंथरुणातून उठवायची रीत अशी: दोन्ही गुडघे दुमडा. खांदा आणि कंबर एकाच वेळी, एकसंध, कुशीवर वळवा. कमरेत पीळ पडता कामा नये. मग पाय पलंगाखाली सोडता सोडता रुग्णाने कोपर आणि तळव्यावर जोर देऊन बाजूने उठायचं. उताणं असताना सरळ पुढे उठून बसणं बंद. जिना उतरवायला हातांची मजबूत खुर्ची घ्या, रुग्णाला त्यात पाठ टेकवून बसवा, एक जण मागून, दोघं पुढून. बसवतच नसेल तर स्ट्रेचरच लागतो. १०८ ला फोन केला तर सरकारी रुग्णवाहिका मोफत येते. रिक्षा टाळा. टॅक्सीच करायची असेल तर सीट मागे करून घ्या आणि ड्रायव्हरला खड्डे सांभाळायला आधीच सांगा.

तपासण्या: कोणता मणका दुखतोय, हे सिद्ध झालं पाहिजे

या टप्प्यावर घाई नको आणि काटकसरही नको. एक्स-रेमध्ये मणका दबलेला दिसतो, पण तो काल दबला की पाच वर्षांपूर्वी, हे त्यावरून नेमकं कळत नाही. मणक्याची निम्म्याहून जास्त फ्रॅक्चर कधी झाली ते त्या माणसाला माहीतच नसतं. सत्तरीच्या बाईच्या एक्स-रेत तीन मणके दबलेले दिसले, तर तिन्ही आत्ताचेच असतील असं नाही.

म्हणून एमआरआय. त्यातल्या ‘स्टर’ नावाच्या चित्रमालिकेत ताज्या फ्रॅक्चरच्या हाडात सूज पांढरी चमकते. जुना, जुळून गेलेला मणका आकाराने चपटा असला तरी बाकीच्या मणक्यांसारखाच काळसर दिसतो. सेंटरवर जाताना चिठ्ठीवर ‘स्टर’ लिहिलंय का ते बघा. पेसमेकर असेल तर आधी सांगा. काही पेसमेकर एमआरआयला चालतात, काही चालत नाहीत, आणि मग सीटी स्कॅन आणि बोन स्कॅनवर काम भागवतात.

दुसरी तपासणी बिनपैशाची आहे. डॉक्टर एकेका मणक्यावर बोटाने दाबतात, हलक्या मुठीने ठोकतात. एमआरआयमध्ये जो मणका चमकतो, त्याच्यावरच ठोकल्यावर रुग्ण कळवळला पाहिजे. चित्र आणि बोट यांचा मेळ बसत नसेल, तर सिमेंटचा विषय तिथेच थांबवा. पाठीला हात न लावता नुसत्या फिल्मवरून ऑपरेशनची तारीख दिली गेली, तर दुसरं मत घ्या.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, ईएसआर, सीआरपी, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस असावं. शेवटची तपासणी मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरसाठी, कारण त्यातही मणके असेच दबतात. आणि आपल्या शहरात क्षयरोग विसरून चालत नाही. मणक्याचा टीबी सुरुवातीला निव्वळ पाठदुखी म्हणूनच येतो, आणि जंतू असलेल्या मणक्यात सिमेंट भरायचं नसतं. शंका असेल तर त्याच सुईने हाडाचा तुकडा काढून बायोप्सीला पाठवता येतो. कॅन्सरचे उपचार चालू असतील, मग ते टाटा मेमोरियलमध्ये असोत किंवा आणखी कुठे, तर त्या डॉक्टरांना कळवल्याशिवाय पाठीचं काही ठरवू नका.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, नंतर केली तरी चालते. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. पण दबलेला मणका दाटून आल्यामुळे मशीनला तो प्रत्यक्षाहून मजबूत दिसतो. खुब्याचा आकडाही बघा. आणि किरकोळ कारणाने मणका मोडलाय, तर टी-स्कोअर काहीही असो, हाड ठिसूळ धरूनच उपचार करायचे.

पहिले काही आठवडे, सिमेंटशिवाय

बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत बऱ्यापैकी उतरतं. त्यामुळे पाय आणि लघवी ठीक असतील तर बहुतेक वेळा आधी औषधांनाच संधी द्यायची असते. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती, मग दिवसातून अनेकदा थोडं थोडं उठवणं. महिनाभर झोपवून ठेवणं सगळ्यात वाईट. हाडं आणखी झिजतात, मांड्या गळतात, छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत गुठळी होते, पाठीला जखमा होतात.

पॅरासिटामॉल वेळेवर, ठरलेल्या तासांनी द्या, कळ आल्यावर नाही. ब्रुफेनसारख्या गोळ्या किडनी, अ‍ॅसिडिटी आणि ब्लडप्रेशर बघून, डॉक्टरांना विचारूनच. ट्रॅमाडॉल ही जोरदार पेनकिलर चालू असेल तर बद्धकोष्ठ ठरलेलं. कुंथताना पाठीवर जोर येतो, म्हणून इसबगोल आणि पाणी पहिल्या दिवसापासून. सुरुवातीच्या कळांसाठी काही डॉक्टर कॅल्सिटोनिनचा नाकात मारायचा स्प्रे देतात. ब्रेस, म्हणजे पाठीचा आधारपट्टा, मापाचा असावा, बसता-उभं राहताना लावायचा, झोपताना काढायचा. महिनोन्‌महिने घातला तर पाठीचे स्नायू आळशी होतात. भारतीय पद्धतीचा संडास पूर्ण बंद. खुर्चीचा कमोड भाड्यानेही मिळतो.

मग सिमेंट कुणाला?

इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण गोंधळ इथेच होतो.

मणक्यात सुईने सिमेंट भरण्याची पद्धत १९८४ साली फ्रान्समधल्या आमियां शहरात सुरू झाली. तिचं नाव व्हर्टिब्रोप्लास्टी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कायफोप्लास्टी आली. तिच्यात आधी मणक्यात छोटा फुगा फुगवून दबलेलं हाड थोडं उचलतात आणि तयार झालेल्या पोकळीत सिमेंट भरतात. दोन्हींनी लाखो लोकांना बरं वाटलं. पण २००९ साली दोन अभ्यास छापून आले. त्यांत काही रुग्णांना खरं सिमेंट आणि काहींना नुसतं केल्याचं नाटक, अशी तुलना होती, आणि दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. पुढे २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात, फ्रॅक्चरला सहा आठवडे व्हायच्या आत आणि तीव्र दुखणं असताना केलेल्या व्हर्टिब्रोप्लास्टीचा फायदा दिसला. २०१८ साली नेदरलँड्सच्या अभ्यासात पुन्हा फारसा फरक दिसला नाही. म्हणून ‘सिमेंट भरलं की हमखास’ असं सांगणारा आणि ‘सिमेंट म्हणजे फसवणूक’ म्हणणारा, दोघंही अर्धंच सांगत असतात.

माझं मत असं: औषधं नीट वेळेवर देऊनही दोन-तीन आठवड्यांनंतर माणूस संडासापर्यंत जाऊ शकत नसेल, एमआरआयमध्ये मणका चमकत असेल आणि ठोकल्यावर तिथेच दुखत असेल, तर सिमेंटचा विचार मनापासून करावा. पंच्याऐंशीच्या आजोबांना छातीचा आजार असेल, झोपून राहणंच जिवावर बेतत असेल, तर त्याहीआधी. दुखणं रोज थोडं थोडं उतरत असेल, तर थांबा. आणखी एक गट असतो. महिने उलटूनही हाड जुळत नाही, आत पोकळी राहते आणि प्रत्येक उठबशीला मणका हलतो. अशांना उशिरा भरलेल्या सिमेंटनेही चांगला आराम पडतो. कॅन्सरने पोखरलेल्या मणक्याचं दुखणं कमी करायलाही ही पद्धत वापरतात.

फुगा की बिनफुग्याचं? दुखण्यातला आराम दोन्हींत साधारण सारखा. फुग्याने उंची थोडी परत मिळू शकते, पूर्ण नाही, आणि सिमेंट बाहेर झिरपण्याचं प्रमाण कमी असतं. किट मात्र बरंच महाग. मणका फार दबलेला नसेल तर साध्या पद्धतीने काम होतं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

ज्यांना हे करू नये: अंगात कुठेही जंतुसंसर्ग चालू असलेले, रक्त गोठण्याची दुरुस्त न होणारी अडचण असलेले, आणि ज्यांच्या मोडलेल्या हाडाचा तुकडा मागे सरकून मज्जारज्जू दाबतोय असे. या शेवटच्यांना दाब काढण्याचं वेगळं ऑपरेशन लागतं.

परांचीवरून पडलेला तिशीतला मजूर, गाडीवरून फेकला गेलेला मुलगा, ही गोष्टच निराळी. त्यांचं हाड चांगलं असतं, मारच मोठा असतो. मणका अस्थिर असेल तर वरच्या-खालच्या मणक्यांत स्क्रू आणि सळ्या बसवतात. हेही आता बऱ्याच ठिकाणी पाठ लांबवर न उघडता, बोटाच्या पेराएवढ्या छेदांतून, एक्स-रेच्या मदतीने करतात. स्नायू कमी कापले जातात, रक्त कमी जातं. नस दबली असेल तर मात्र लहान छेदाचा हट्ट धरू नये.

दवाखाना आणि खर्च

केईएम, सायन, नायर, जे. जे. या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत ऑर्थोपेडिकची ओपीडी असते. सकाळी लवकर जा, रुग्णाला रांगेत उभं न करता फाइल घेऊन एकाने आधी नंबर लावा. खासगीत जायचं तर एस्टिमेट तोडून मागा: सिमेंट आणि सुयांचं किट, फुगा असल्यास त्याचे वेगळे, थिएटर, भूल, खोली. तफावत बहुधा किटमध्येच असते. एकाहून जास्त मणके भरायचे सांगितले तर प्रत्येकासाठी एमआरआयवर बोट ठेवून कारण विचारा.

मेडिक्लेम असेल तर रुग्णालयातल्या टीपीए डेस्कवर (विम्याचं काम बघणारा काउंटर) पूर्वमंजुरी आधी घ्या आणि २४ तासांपेक्षा कमी मुक्काम चालतो का ते लेखी विचारा. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, तोच पॅकेज बसतं का ते पाहून सांगतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांचं संरक्षण लागू झालंय. आजी-आजोबांचं ते कार्ड काढलेलं नसेल तर गरज पडायच्या आधीच काढा.

त्या दिवशी काय होतं

इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांपैकी काही चालू असेल तर आधी सांगा. स्वतःहून बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरतं. मधुमेहाच्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या का, तेही विचारून घ्या.

थिएटरमध्ये रुग्णाला पालथं झोपवतात, छाती आणि ओटीपोटाखाली उशा. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना हे पालथं पडणंच सगळ्यात जड जातं, म्हणून किती वेळ पालथं राहवेल याची चाचणी आदल्या दिवशी घरी घ्या आणि भूल देणाऱ्यांना सांगा. बऱ्याच वेळा जागा बधिर करून आणि थोडी झोपेची सुई देऊन काम होतं. काहींना पूर्ण भूल लागते. सी-आर्म या चालत्या एक्स-रे मशीनवर बघत, मणक्याच्या मागच्या खांबातून सुई पुढे हाडात नेतात. मग टूथपेस्टइतकं घट्ट झालेलं सिमेंट, बहुधा दोन ते सहा मिलिलिटर, हळूहळू आत सोडतात. त्यात बेरियम मिसळलेलं असतं, म्हणून पडद्यावर ते कुठे सरकतंय ते काळं दिसतं, आणि चुकीच्या दिशेला जाताना दिसताच डॉक्टर हात थांबवतात. एका मणक्याला साधारण अर्धा ते एक तास. टाका बहुतेक लागत नाही, छोटी पट्टी पुरते.

धोका सांगायलाच हवा. थोडं सिमेंट हाडाबाहेर झिरपणं नेहमीचं आहे आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. क्वचित ते नसेवर दाब आणतं किंवा शिरेतून फुप्फुसात जातं, आणि तेव्हा प्रसंग गंभीर होतो. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, पालथं दाबल्याने बरगडी मोडणं हेही क्वचित घडतं. नस दबल्यास लगेच उघडून दाब काढण्याची सोय त्याच रुग्णालयात आहे का, हा प्रश्न मी प्रत्येक घराला विचारायला लावते.

नंतर एक-दोन तास उताणं झोपवतात. मग उठवून चालवतात, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. ज्यांना आराम पडायचा त्यांना तो काही तासांत ते दोन दिवसांत जाणवतो. जिना चढताना धाप, छातीत दुखणं, पायात नव्याने मुंग्या किंवा कमजोरी, ताप, असं काही झालं तर फोनवर न थांबता परत जा.

घरी आल्यावर

दुखणं थांबलं की लोक दुसऱ्याच दिवशी पिठाचा डबा उचलतात. एक मणका मोडलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला वर्षाच्या आत दुसरा मोडतो. म्हणून वाकणं, पीळ आणि वजन, या तिन्हींवर बंधन. केर-लादीला लांब दांड्याचा झाडू आणि मॉप. भांडी कमरेच्या उंचीवर. पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातलं पुढे वाकणं आणि सिट-अप्स बंद. मी सुरुवातीला शिकवते ते एवढंच: भिंतीला टाच, कुल्ले, पाठ टेकवून उभं राहायचं, हनुवटी किंचित आत, खांद्याची पाती मागे एकमेकींकडे ओढायची, पाच आकडे धरायचं, सोडायचं. मग खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि बसणं. मांड्यांत जोर आला की तोल सावरतो, आणि तोल सावरला की पडणं टळतं. मोरीत पकडायला दांडा, रबरी चटई, रात्रीचा दिवा, पावसाळ्यात घसरत नाहीत अशा चपला. दांडा प्लंबरकडून या आठवड्यात लावून घ्या.

हाडांचं औषध

हे लिहून न देता घरी सोडलं, तर डिस्चार्जच्या वेळीच विचारा. व्हिटॅमिन डी कमी असेल तर आधी भरून काढतात. कॅल्शियम अन्न आणि गोळी मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम. दूध, ताक, नाचणी, तीळ चालू ठेवा, पण नुसत्या कॅल्शियमने मोडलेलं दुरुस्त होईल या भ्रमात राहू नका.

अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहाबरोबर घेतली तर वाया जाते. पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. हे जमणार नसेल तर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा सलाइनमधून. आधी किडनी तपासतात, आणि पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. दात काढायचे असतील तर ते आधी उरकून घ्या.

हाडं फारच ठिसूळ असतील, तर टेरिपॅराटाइडची रोजची सुई, जास्तीत जास्त दोन वर्षं. ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते, आणि संपल्यावर दुसरं औषध लगेच सुरू करावं लागतं. डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी. याची तारीख चुकवणं किंवा मध्येच सोडून देणं धोक्याचं आहे, कारण बंद केल्यावर हाडाची झीज उसळून एकाच वेळी अनेक मणके मोडल्याची उदाहरणं आहेत. गावी जायचं असेल तरी सुईची तारीख सांभाळून जा.

संधिवात किंवा दम्यासाठी स्टेरॉइड चालू असेल, तर डोस कमी होऊ शकतो का ते त्या डॉक्टरांना विचारा. स्वतःहून एकदम बंद करू नका.

आणि पाठीत पुन्हा नवी कळ आली, तर जुनंच सिमेंट दुखतंय असं समजून पेनकिलर देत बसू नका. नवा एक्स-रे, गरज पडल्यास पुन्हा ‘स्टर’सह एमआरआय, आणि जुन्या फिल्म्स, डिस्चार्ज कार्ड, कोणत्या मणक्यात कधी सिमेंट भरलं त्याची नोंद, हे सगळं एका पिशवीत घेऊन जा.